भिंतीला लागला तर आऊट

मराठी घरात मारल्या गेलेल्या सर्वांत गाजलेल्या स्ट्रेट ड्राइव्हची नोंद कुठल्याही धावफलकावर नाही. ताडदेवची चिखलवाडी, घराची छोटीशी गॅलरी, आई टेनिसच्या चेंडूनं गोलंदाजी करतेय आणि लहानगा मुलगा खेळतोय. मुलानं आलेला चेंडू सणकून सरळ परत धाडला. तो आईच्या नाकावर बसला आणि भळाभळा रक्त आलं. सुनील गावसकरांनी ‘सनी डेज’मध्ये हे लिहून ठेवलं आहे. मीनल गावसकरांनी चेहरा धुतला, रक्त थांबलं, खेळ पुढे सुरू झाला. फक्त त्या दिवशी मुलानं त्यानंतर एकही फटका मारला नाही. पुढचा पाय टाकायचा आणि चेंडू अडवायचा, एवढंच तो करत राहिला.

मला तो ड्राइव्ह आवडतो, त्याच्यानंतरचा बचाव जास्त आवडतो, आणि दोन्हींच्या आधी ती गॅलरी आवडते. गॅलरीत कट मारायला गेलं तर भिंत आडवी येणार, पुल मारला तर चेंडू कठड्यावरून खाली जाणार आणि जिने उतरून तो आणावा लागणार. मोकळी जागा एकच, जिथे आई उभी होती ती. पुढे जगानं ज्या सरळ बॅटचं कौतुक केलं तिला वळण लावायला प्रशिक्षक नंतर आले. आधी गॅलरी होती. आणि घरही तसंच कडक. मीनलताई माधव मंत्रींच्या बहीण, मंत्री भारतातर्फे कसोटी खेळलेले यष्टिरक्षक. छोट्या भाच्यानं मामाच्या कपाटातला भारताचा स्वेटर मागितला, तर हा मागून मिळत नसतो, कमवावा लागतो, असं सांगून मामांनी तो दिला नाही. मराठी मामा म्हटल्यावर भाच्याचे लाड गृहीत असतात. हे मामा दादर युनियन या कडक शिस्तीच्या क्रिकेट क्लबचे होते.

माझी फटक्यांची आवड थोडी विक्षिप्त आहे असं घरचे म्हणतात. चेंडू किती लांब गेला याचं मला फारसं अप्रूप नाही, मग तो स्टेडियमबाहेरच्या रस्त्यावर का पडेना. या फलंदाजाला काय करायची मनाई होती, हे मी शोधत असते. मनाई जागेनं केलेली असेल, शरीरानं केलेली असेल, समोरच्या कर्णधारानं क्षेत्ररक्षण लावून केलेली असेल, किंवा त्यानं स्वतःच स्वतःला केलेली असेल. ती एकदा दिसली की फटका मनात बसतो.

ही खोड वाड्यातली असावी. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्याचं अंगण म्हणजे खेळपट्टीची लांबी आणि वर दोन ढांगा. नियम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. समोरच्या भिंतीला टप्पा न पडता लागला तर आऊट. मालकांच्या जिन्यात गेला तर आऊट. वन टप्पा एका हातानं झेलला तर आऊट. तुळशीवृंदावनाला लागला तर आऊट नाही, पण त्यानंतर आजीकडून जे ऐकावं लागे त्यापेक्षा आऊट परवडला. मी मुलगी आणि वयानंही लहान, म्हणजे कच्चं लिंबू. कच्च्या लिंबानं आधी चेंडू अडवायचे, मग गोलंदाजी करायची आणि उजेड उरलाच तर शेवटी बॅट हातात घ्यायची. उजेड सहसा उरत नसे. त्यामुळे फटके म्हणून जे काही मी लहानपणी पाहिले ते गोलंदाजाच्या बाजूनं. पुढे घरोघरी टीव्ही आले तेव्हा दूरदर्शनचा मुख्य कॅमेरा एकाच टोकाला असायचा. एक षटक फलंदाजाचं तोंड, पुढचं षटक त्याची पाठ. सगळे वैतागायचे. मी पाठीच्या षटकात पाणी प्यायला उठायचे आणि तोंडाच्या षटकाला परत जागेवर यायचे.

त्या बाजूनं पाहिलं की स्ट्रेट ड्राइव्हचं मोठेपण कळतं. बॅटचं पूर्ण पातं तुमच्याकडे वळलेलं असतं. ते चेंडूच्या रेषेत येतं आणि त्याच रेषेत पुढे जातं, म्हणून चुकायला सर्वांत कमी जागा याच फटक्यात. चेंडू किंचित लवकर खेळा किंवा उशिरा, तो जाणार सरळच. कटचं असं नाही. कट आडव्या बॅटचा. चेंडू आणि बॅट एका क्षणापुरते एकमेकांना छेदतात, तो क्षण हुकला की मागे यष्टिरक्षक किंवा स्लिप. म्हणूनच मुंबईच्या मैदानांवर मुलांना आधी सरळ खेळायला शिकवत आणि आडवी बॅट फार नंतर हातात येई. मिडऑन आणि मिडऑफच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात धावा काढणं हे त्या मैदानांवरचं सभ्यपण मानलं जाई. त्यात थोडा मध्यमवर्गीय सोवळेपणाही होता, हे मान्य करायला हरकत नाही.

सचिन तेंडुलकरचा स्ट्रेट ड्राइव्ह या सोवळ्यात पुरता बसत नाही. तो बॅट फार खाली धरतो, जवळजवळ पात्याशी. हे पुस्तकात बसणारं नाही. कारण त्यानं स्वतः सांगितलंय: लहानपणी साहित्य सहवासात थोरल्या भावाची, अजितची, पूर्ण मापाची बॅट घेऊन खेळायचा, ती जड बॅट पेलायची तर हात खाली आणावे लागत. पुढे हात बदलून पाहिले, जमलं नाही. बॅटही तीन पौंडांहून जड राहिली. एवढी जड बॅट एवढ्या खालून धरल्यावर तिला डोक्यामागे भिरकावण्याची गरज उरत नाही. म्हणून त्याच्या ड्राइव्हचा शेवट अर्ध्यावरच होतो. चेंडू साइटस्क्रीनकडे निघालेला असतो आणि बॅट छातीसमोर थांबलेली असते, पातं अजून गोलंदाजाकडेच. गोलंदाज वाकून हात घालतो, पंच बाजूला होतात, नॉनस्ट्रायकर उडी मारतो. थांबलेला माणूस एकटा तोच.

त्यात आणखी एक गंमत आहे. सचिन फलंदाजी उजव्या बाजूनं करतो, पण लिहितो डाव्या हातानं. म्हणजे बॅटच्या मुठीवर वर असलेला हात हा त्याचा मूळचा हुशार हात. ड्राइव्हमध्ये बॅटला दिशा देण्याचं काम वरच्या हाताचं, खालचा हात बळ देतो. सांगलीच्या स्मृती मानधनाचं नेमकं उलट: ती मूळची उजव्या हाताची, पण वडिलांना डावखुऱ्या फलंदाजांचं कौतुक, म्हणून ती उभी राहिली डाव्या बाजूनं. तिचाही हुशार हात वर. तिचा कव्हर ड्राइव्ह एकदा या नजरेनं पाहा. चेंडू ऑफच्या बाहेर पडतो, पुढचा पाय वाकतो, डोकं चेंडूवर येतं आणि मग बॅट उजव्या हाताच्या मागे निघते. खालचा हात जवळजवळ सोबतीला असतो. ती ज्या चेंडूंवर बाद होते त्यांतले बरेच याच फटक्याचे असतात. तेवढी किंमत मला योग्य वाटते. संघाच्या प्रशिक्षकांना वाटत असेलच असं नाही.

आणि याच कव्हर ड्राइव्हला सचिननं एकदा घरी बसवलं. डिसेंबर २००३ मध्ये ऑस्ट्रेलियात ऑफस्टंपबाहेरच्या चेंडूला बॅट लावून तो बाद होत राहिला होता. जानेवारी २००४ ला सिडनीत स्टीव्ह वॉची शेवटची कसोटी. सचिन खेळायला आला आणि कव्हरकडे ड्राइव्ह मारायचाच नाही, असं ठरवून खेळला. ऑफस्टंपबाहेर चेंडू पडत राहिले, तो सोडत राहिला. ऑस्ट्रेलियाचे गोलंदाज मोहात पाडायला पुढे टाकत राहिले. शेवटी त्यांचा धीर सुटून चेंडू स्टंपवर आला की तो लेगला ढकलायचा. नाबाद २४१, चेंडू ४३६. समोर लक्ष्मण १७८ धावांची अशी काही मुक्त खेळी करत होता की सचिनची खेळी रुक्ष वाटावी, आणि बऱ्याच जणांना ती वाटलीही. माझ्या मते त्याच्या सगळ्या शतकांत ही सर्वांत देखणी. जो फटका सगळं जग पाहायला आलेलं होतं तो त्यानं मारला नाही. दर वेळी चेंडू पडला की मला तो न मारलेला ड्राइव्ह दिसायचा.

गावसकरांनी हेच त्याआधी कितीतरी वर्षं केलं होतं, हुकच्या बाबतीत. छातीच्या वर आलेला चेंडू हुक करायचा म्हणजे डोळे त्याच्यासमोर ठेवायचे, आणि तो किती उसळेल याचा अंदाज एका केसानं चुकला तर चेहरा किंवा लाँगलेगच्या हातात झेल. तो फटका त्यांना येत नव्हता असं मुळीच नाही. मुंबईच्या स्थानिक सामन्यांत त्यांना हुक मारताना पाहिलेले लोक होते. पण सलामीला येऊन दिवसभर उभं राहायचं तर या फटक्यात तोटा जास्त, असा हिशेब करून त्यांनी तो बाजूला ठेवला. हिशेबी म्हणून त्यांना नावंही ठेवली गेली. आमच्या मामानं ती सर्वांत जास्त ठेवली.

मग १९८३ चा हिवाळा आला. विश्वचषक हरून चिडलेला वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला. कानपूरच्या पहिल्या कसोटीत माल्कम मार्शलच्या चेंडूनं गावसकरांच्या हातातली बॅटच उडवली. बॅट जमिनीवर पडल्याचं ते छायाचित्र पुढे कितीतरी दिवस लोकांच्या बोलण्यात होतं. सगळे म्हणू लागले, संपला. दिल्लीला दुसरी कसोटी. गावसकर आले आणि सुरुवातीलाच मार्शलला हुक मारू लागले. अडवत बसलं तर बोटं मोडणार, मग मारलेलं काय वाईट, असा काहीतरी विचार असेल. त्यांच्या मनात शिरून बोलायचा मला अधिकार नाही. ९४ चेंडूंत शतक झालं. ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी त्या शतकानं झाली, पण त्या दिवशी शतकाचा आकडा दुय्यम वाटावा असा तो प्रकार होता. इतकी वर्षं कुलुपात ठेवलेला फटका काढला तर त्यावर गंज नव्हता. म्हणजे माणूस नेटमध्ये, घरी, मनात, कुठेतरी तो खेळत होता. एखाद्या गोष्टीला नाही म्हणत राहायचं आणि तरी ती विसरायची नाही, हे मला त्या दिल्लीच्या खेळीत दिसतं. त्याच मालिकेत मद्रासला चौथ्या क्रमांकावर येऊन नाबाद २३६ काढताना ते पुन्हा आपल्या जुन्या वाटेनं गेले.

मामाचं मत तरीही बदललं नाही. मामा विश्वनाथचा होता. आमच्या घरात वडील गावसकरांचे आणि मामा गुंडाप्पा विश्वनाथांचा, आणि दोघांनाही माहीत होतं की गावसकर आणि विश्वनाथ मेहुणे आहेत आणि त्यांचं आपसात उत्तम जमतं. गावसकरांनी मुलाचं नाव रोहन जयविश्व ठेवलं, त्यात वेस्ट इंडीजच्या रोहन कन्हायबरोबर विश्वनाथही आला. तरी वाद व्हायचा. जानेवारी १९७५ मध्ये मद्रासला चेपॉकवर वेस्ट इंडीजचा अँडी रॉबर्ट्स आग ओकत होता, तेव्हा रेडिओला कान लावून बसलेला मामा इंग्रजी समालोचन आजीला मराठीत सांगत होता. सांगताना स्वतःची भर घालत होता हे आता कळतं. ‘चौकोनी कापलाय गं’ असं तो स्क्वेअर कटला म्हणायचा आणि आजी भाजी चिरता चिरता मान डोलवायची. भारताच्या १९० धावांत विश्वनाथच्या नाबाद ९७. शेवटचा गडी बाद झाला आणि तीन धावा राहून गेल्या. रॉबर्ट्सनं ६४ धावांत सात बळी घेतले होते. सामना भारतानं जिंकला, पण मामाला त्या तीन धावांचं दुःख जन्मभर पुरलं.

विश्वनाथ ठेंगणा. इतरांना जो चेंडू पुढे येऊन खेळावा लागतो तो ठेंगण्या माणसाला मागच्या पायावर सापडतो, आणि वेगवान गोलंदाजाचा उसळता चेंडू त्याच्या हातांच्या उंचीवर आपणहून येतो. हे झालं शास्त्र. पण ठेंगणे फलंदाज पुष्कळ झाले, त्यांतल्या किती जणांनी रॉबर्ट्सला असा कट मारला? विश्वनाथ ऑफस्टंपच्या इतक्या जवळचा चेंडू कापायचा की बघणाऱ्याला भीती वाटावी. मनगट चेंडूवर वळायचं, चेंडू जमिनीला लगटून पॉइंटच्या बाजूनं जायचा. उंचीनं जे नाकारलं त्याची भरपाई मनगटांनी केली होती, एवढंच मी म्हणू शकते. मामा म्हणायचा, तुमचा गावसकर पोस्टात नोकरी करतो, आमचा विश्वनाथ गातो. वडील म्हणायचे, पोस्ट रोज उघडतं.

मनाईतून फटका जन्माला येण्याची सर्वांत जुनी गोष्ट रणजितसिंहांची. केंब्रिजला शिकणारा हा नवानगरचा राजपुत्र वेगवान चेंडू आला की मागे सरायचा, म्हणून सरावात त्याचा उजवा पाय जमिनीला जखडून ठेवत, अशी कथा सांगतात. पाय हलेना. डावा तेवढा मोकळा. तो आडवा टाकायचा आणि अंगावर येणाऱ्या चेंडूला मनगट फिरवून मागे लेगकडे वाट करून द्यायची. लेग ग्लान्स त्यातून आला. कथेत तिखटमीठ असेल, पण १८९६ मध्ये मँचेस्टरला इंग्लंडतर्फे पहिल्याच कसोटीत त्यानं ६२ आणि नाबाद १५४ केल्या, आणि ऑस्ट्रेलियाच्या गोलंदाजांना आपल्याच चेंडूचा वेग आपल्याविरुद्ध वापरला जातोय हे पाहावं लागलं. ज्या बाजूला चेंडू मारणं बेशिस्त समजत, त्या बाजूला त्यानं नजाकत नेली.

लेग ग्लान्सची ऑफच्या बाजूची बहीण म्हणजे लेट कट. हा माझा सर्वांत आवडता फटका, आणि तो आता दिसत नाही. यात ताकद लावायलाच मनाई आहे. चेंडू जवळजवळ तुमच्या मागे गेलेला असतो, यष्टिरक्षकाचे हात पुढे आलेले असतात, आणि तेवढ्यात बॅट वरून उतरते आणि चेंडूला थर्डमॅनकडे फक्त कल देते. हपापलेल्या माणसाला तो जमत नाही, कारण हपापलेला माणूस आधीच खेळून मोकळा झालेला असतो. विजय मर्चंट यासाठी ओळखले जात, पण त्यांना पाहण्याचं वय माझं नव्हतं. मी पाहिला तो मार्च १९८७ मध्ये, अहमदाबादला पाकिस्तानविरुद्ध: एजाज फकीहचा चेंडू गावसकरांनी उशिरा कापला, धाव पळून काढली, आणि कसोटीत दहा हजार धावा करणारा पहिला माणूस झाला. लोक मैदानात घुसले. ज्या माणसानं आयुष्यभर समोरच्या पट्ट्यात खेळून घर बांधलं त्यानं त्या घराचा शेवटचा चिरा अगदी मागच्या बाजूला बसवावा, याचं मला अजून हसू येतं.

लेट कट का गेला? बॅटा जाड झाल्या. इतक्या, की २०१७ मध्ये नियम करून कडेची जाडी ४० मिलिमीटरवर थांबवावी लागली. एवढ्या कडेनं नुसता निसटता लागलेला चेंडूही सीमेपार जातो, मग कलावंतासारखा कल कोण देत बसेल? सीमारेषेच्या दोऱ्या आत आल्या. दोरी आत आल्यानं फटक्यांची चव गेली, असं माझं मत आहे आणि ते माझ्या वयाचं मत आहे हेही मला माहीत आहे.

पण उंच मारण्याला मी मुळात विरोधात नाही. मुंबईत त्याचीही एक मनाई आहे, पावसाची. १९४८ पासून पावसाळ्यात कांगा लीग खेळली जाते. आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क, सगळीकडे चिखल आणि पोटरीपर्यंत गवत. एका सामन्याचा कव्हर दुसऱ्या सामन्याच्या फाइनलेगला खेटून उभा. खेळपट्टी ओली, चेंडू थांबून येतो, आणि कितीही शुद्ध ड्राइव्ह मारला तरी तो गवतात अडकून बसतो. चार धावांचा फटका एकावर येतो. अशा मैदानावर ज्याला धावा हव्यात त्यानं चेंडू हवेतून न्यायला शिकायचं. म्हणजे तीच मुंबई हिवाळ्यात मुलाला चेंडू जमिनीवर ठेव म्हणून दटावायची आणि पावसाळ्यात वरून मार म्हणायची. संदीप पाटील हा या दोन्ही शिकवण्यांचा मुलगा. १९८२ मध्ये मँचेस्टरला इंग्लंडचा कर्णधार बॉब विलिस नवा चेंडू घेऊन आला, आणि पाटीलनं एका षटकात सहा चौकार मारले. मधला एक नोबॉल होता म्हणून चेंडू सात झाले. नाबाद १२९. ज्यांनी ते षटक पाहिलंय ते लोक अजून चौकार एकेक करून मोजून दाखवतात. त्याच्याही आधी, १९२६ च्या डिसेंबरात, नागपूरला जन्मलेल्या सी. के. नायडूंनी बॉम्बे जिमखान्यावर एमसीसीविरुद्ध १५३ धावा करताना ११ षटकार मारले होते. तिथे मात्र मनाई वेगळी होती. गोऱ्यांच्या जिमखान्यावर हिंदी माणूस एरवी पाहुणा म्हणूनही आत जाऊ शकत नसे. त्या षटकारांतला एकेक कुठे पडला हे सांगणाऱ्या म्हाताऱ्यांची एक अख्खी पिढी होऊन गेली.

माझा भाचा मला जुनाट म्हणतो आणि सूर्यकुमार यादवचे व्हिडिओ दाखवतो. तो समजतो तेवढी मी त्याविरुद्ध नाही. चेंबूरच्या अणुशक्तीनगरात वाढलेला हा मुलगा सिमेंटच्या कोब्यावर रबरी चेंडूनं खेळला, आणि आपले फटके तिथलेच आहेत असं त्यानं स्वतः सांगितलंय. सिमेंटवर रबरी चेंडू उसळतो, अंगावर येतो. तिथे ज्या बाजूला मोकळं आहे त्या बाजूला नेण्याशिवाय इलाज नाही, मग ती बाजू पाठीमागची का असेना. त्या फटक्याला मुंबईच्या टेनिस क्रिकेटमध्ये नाव आहे सुपला. गुडघा टेकायचा, बॅट सुपासारखी खालून धरायची आणि धान्य पाखडावं तसा चेंडू खांद्यावरून मागे टाकायचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेलबर्नला झिंबाब्वेच्या न्गारावानं शेवटच्या षटकात ऑफच्या बरंच बाहेर फुलटॉस टाकला. ऑफला सगळे खेळाडू लावलेले, तिकडे जायला बंदी. यादव सरकला, खाली बसला, आणि ऑफच्या बाहेरचा तो चेंडू फाइनलेगच्या डोक्यावरून षटकार. २५ चेंडूंत ६१. मी भाच्याला म्हटलं, हा रणजींच्या घराण्यातला आहे. त्यानं रणजी करंडकात मुंबईचा रेकॉर्ड काढून दाखवायला सुरुवात केली. तो रणजी नव्हे रे बाबा, म्हणेपर्यंत पुढचा व्हिडिओ सुरू झाला होता.

भाच्याशी माझं खरं भांडण झालं ते ३० ऑक्टोबर २०२५ च्या रात्री, टीव्हीसमोर. नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाचा उपांत्य सामना, समोर ऑस्ट्रेलिया, जिंकायला ३३९ धावा. महिलांच्या एकदिवसीय सामन्यात एवढा पाठलाग तोपर्यंत कुणी केलेला नव्हता. भाच्याचं म्हणणं, षटकार मारल्याशिवाय हे होणार नाही, आणि जेमिमा रॉड्रिग्जच्या अंगात षटकार नाहीत. ते खरंच आहे. वांद्र्याची ही मुलगी अंगानं लहान. ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंसारखा चेंडू भिरकावणं तिच्या शरीराला शक्य नाही. ती काय करते? स्वीप मारते, गोलंदाजानं टप्पा बदलला की मागे जाऊन कट मारते, आणि मिडविकेटला हळूच ढकलून पळत सुटते. मधल्या जागा तिला आधी माहीत असतात. कव्हरची क्षेत्ररक्षक दोन पावलं डावीकडे सरकली की तिच्या उजव्या हाताला चेंडू जायचा. दुसऱ्या टोकाला हरमनप्रीत कौर तडाखे मारत होती तोवर भाचा शांत होता. ती ८९ वर बाद झाली तेव्हा त्यानं टीव्ही बंद करायचा विचार बोलून दाखवला. मला मात्र एक छोटासा फटका लक्षात राहिला, थर्डमॅनला नुसता वळवलेला, धाव एकच. भाचा म्हणाला, तो शॉट नाही, ती सिंगल आहे. मी म्हटलं, नीट बघ, ती यष्टिरक्षकाच्या हातातून काढून घेतलेली आहे. जेमिमा १३४ चेंडूंत १२७ वर नाबाद राहिली. त्या १२७ मध्ये एकही षटकार नव्हता, आणि सामना संपला तेव्हा नऊ चेंडू शिल्लक होते.